मराठी ईमेल पत्ता चालत नसेल, तर उपाय लिहून ठेवायचा कुठे?

समजा, कर्जतच्या एका कृषी पर्यटन केंद्राने बुकिंगसाठी ईमेल पत्ता घेतला, नावापासून '.भारत'पर्यंत सगळा देवनागरीत. मुंबईहून कुणी मेल पाठवला आणि वाटेतल्या एखाद्या सर्व्हरला तो पत्ता समजला नाही, तर मेल परत फिरतो. 'मेल पोहोचला नाही' हा निरोप जातो पाठवणाऱ्याला. कर्जतला काहीच कळत नाही, बुकिंग मात्र गेलेलं असतं.

नियम नाहीत असं नाही. '.भारत' २०१४ मध्ये सुरू झालं. असा मेल कसा न्यायचा हे सांगणारा आरएफसी ६५३१ तर २०१२ चा. जीमेलही २०१४ पासून हे पत्ते स्वीकारतं. अडतं पुढे: कोणत्या मेल सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, कोणत्या आवृत्तीपासून, ती चालू कशी करायची? एकदा प्रसिद्ध झालेला आरएफसी बदलत नाही. ही माहिती मात्र सतत बदलते आणि अनेकांनी मिळून ती ताजी ठेवावी लागते.

मग ती ठेवायची कुठे? विकिपीडियावर 'हे असं करा' छापाची मार्गदर्शिका चालत नाही. प्रोग्रामर मंडळी गिटहब सुचवतील. तिथे प्रत्येक बदलाची नोंद राहते, हे मोलाचंच. पण जागा दुसऱ्याची. डिसेंबर २०१४ मध्ये भारतात ३२ संकेतस्थळं ब्लॉक झाली, त्या यादीत गिटहबचंही नाव होतं. बंदी लवकरच उठली. गूगल कोड तर २०१६ मध्ये कायमचं बंद झालं आणि तिथल्या प्रकल्पांना बिऱ्हाड हलवावं लागलं.

शिवाय खालापुरात दुकानदारांना मेल सुरू करून देणाऱ्या तरुणाला मोबाइलवरून एक ओळ दुरुस्त करायची असेल तर? खातं काढा, फोर्क करा, पुल रिक्वेस्ट पाठवा... माणूस तिथेच कंटाळतो. विकीवर 'संपादन' दाबलं की झालं. (स्पॅमही तितक्याच सहज येतो, राखण करायला कुणीतरी हवंच.)

म्हणून लोकांसाठी विकी, आणि तिच्या मजकुराची रोजची प्रत गिटमध्ये, दोन वेगळ्या ठिकाणी, हा मार्ग जास्त पटतो. डोमेन मात्र स्वतःचं हवं. म्हणजे होस्टिंग बदललं तरी लोकांकडची लिंक तीच राहते. आणि त्या डोमेनचं दरवर्षीचं नूतनीकरण एकाच उत्साही माणसाच्या कार्डावर नको, संस्थेच्या नावावर असावं.