फाटक हवे, नाका नको



कोरडवाहू रानात कापूस-ज्वारी करणाऱ्या माणसाचे बंदराच्या फाटकाशी काय नाते, असे कोणी विचारील. नाते आहे, आणि ते थेट खिशाशी आहे. जिनिंगमधून १७० किलोची गाठ बांधून निघाली आणि ती परदेशी जायची असली, की न्हावा-शेवासारख्या बंदराच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. तिथे ट्रक खोळंबला की त्याचे भाडे चढते, कंटेनरचे भाडे चढते, जहाज चुकले तर भुर्दंड वेगळाच. निर्यातदार हे घरातून भरत नाही. पुढच्या खेपेला भाव बोलताना क्विंटलमागे तेवढे कमी बोलतो. साखळीत शेवटचे आपण. वरचे ओझे घरंगळत आपल्याच डोक्यावर येते.

आजचे हे कडक नियम आले कुठून? ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ले झाले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००२ मध्ये जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची संहिता मंजूर केली. ती १ जुलै २००४ पासून लागू झाली. परदेशी जहाजे जिथे लागतात त्या प्रत्येक बंदराने धोक्याची पाहणी करायची, लेखी आराखडा करायचा, जबाबदार सुरक्षा अधिकारी नेमायचा. आतल्या भागात ओळखपत्राशिवाय कोणाला सोडायचे नाही. बंदोबस्ताच्या पायऱ्या तीन: नेहमीची, वाढीव, आणि हल्ला तोंडावर आल्यावरची.

या बंदोबस्ताला आमचा विरोध नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा अतिरेकी समुद्रातून मुंबईत उतरले आणि दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. हे ज्याने पाहिले तो पहारा नको कसे म्हणेल? पण हेही ध्यानात घ्या, की ते दहाजण बंदराच्या कुठल्याही फाटकातून आले नव्हते. त्यांनी 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली आणि शेवटी रबरी होडीतून कुलाब्याला कोळीवस्तीपाशी उतरले. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवाच्या एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले, ते संगणकात शिरलेल्या व्हायरसमुळे. त्याला ना पास लागला, ना फाटक. म्हणजे फाटकावरची रांग लांब असली की देश सुरक्षित, हा हिशेब खोटा आहे. धोका कुठे आहे ते हुडकणे ही सुरक्षा. सगळ्यांनाच अडवून ठेवणे हा नुसता नाका.

आणि नाका म्हणजे काय, ते आपल्याला शहरातल्या माणसाने शिकवायला नको. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. नाव शेतकऱ्याच्या भल्याचे. पण स्वतःच्या घामाचा कापूस शेजारच्या राज्यात चार पैसे जास्त मिळतात म्हणून नेणारा शेतकरी सीमेवरच्या नाक्यावर चोर ठरला. पुढे ५ मार्च २०१२ रोजी केंद्र सरकारने एका हुकुमाने कापसाची निर्यातच बंद केली. गिरण्यांना कापूस पुरावा म्हणून! दरवाजा अडवण्याची सत्ता एकदा हाती आली, की ती कशासाठी वापरली जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून कारण कितीही चांगले असो, फाटकावरच्या सत्तेला हिशेब विचारलाच पाहिजे.

गंमत अशी, की हा हिशेब जगाच्या नियमात आधीच लिहिलेला आहे. ही संहिता ज्या सागरी कराराखाली येते, तो म्हणतो की सुरक्षेच्या तपासणीपायी जहाज विनाकारण अडकू नये याची शक्य ती सारी काळजी घ्यावी, आणि अडकले तर झालेल्या नुकसानीची भरपाई मिळण्याचा त्याला हक्क आहे. हक्क जहाजाचा! फाटकाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या ट्रकचा नाही, ट्रकमधल्या गाठीचा नाही, गाठीमागच्या शेतकऱ्याचा तर नाहीच नाही. जहाजमालकाचा वेळ म्हणजे पैसा, आणि आपला वेळ म्हणजे काय?

आमचे मागणे साधे आहे. गाडी फाटकावर कधी आली आणि आत कधी गेली, याची नोंद रोज जाहीर करा. गाडी अडवली तर कारण लेखी द्या. कारखान्यात भरून सील केलेला कंटेनर थेट बंदरात घेण्याची सोय बड्या निर्यातदारांपुरती ठेवू नका, शेतकऱ्यांच्या कंपन्यांनाही द्या. आणि विनाकारण विलंबाची जी भरपाई जहाजाला, तीच मालाला. पहाऱ्यातले गुपित खुशाल गुपित ठेवा. रांगेचा हिशेब मात्र उघडा हवा.

जिल्ह्याच्या बैठकीत हा ठराव मांडा. आपल्या भागातल्या जिनिंगवाल्यांना आणि ट्रकवाल्यांनाही बोलवा. फाटकावर ओळखपत्र दाखवायला आमची ना नाही. ओळख पटल्यावरही ज्याला उभे केले जाते, त्याच्या उभे राहण्याची किंमत कोणी भरायची, एवढेच आम्ही विचारतो आहोत.