हवेच्या साक्षीदाराची उलटतपासणी

मोटारगाडीच्या इंजिनात शिरणारी हवा मोजणारा सेन्सर, ज्याला गॅरेजच्या बोलीत ‘एअर मास’ किंवा ‘एमएएफ’ म्हणतात, तो निकामी झाला तर बदलावा याविषयी कोणाचा वाद नाही. वाद आहे तो निकामी झाला हे ठरवायचे कशावरून, याविषयी. रूढ मत असे की ‘चेक लाइट’ लागला, स्कॅनरने त्या सेन्सरच्या नावाचा कोड दाखवला आणि सेन्सरचे सॉकेट काढताच गाडीला पिकअप आला, तर निदान पूर्ण झाले. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की या तिन्ही गोष्टी एकत्र येऊनही सेन्सर निर्दोष असू शकतो, आणि म्हणून त्याची साक्ष स्वतंत्र पुराव्याशी ताडून पाहिल्याखेरीज तो बदलू नये. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीच्या परिसरात, उसाच्या गाळप हंगामात वाहनांच्या चाकांखाली काळ्या मातीची भुकटी होते, तेथे हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. याच तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान (१६०८). त्यांच्या दासबोधात श्रोत्याची आशंका आधी मांडून मग तिचे समाधान केले जाते, आणि येथेही तोच क्रम सोयीचा ठरेल.

आशंकांकडे वळण्यापूर्वी सेन्सरचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे. तापलेल्या बारीक तारेवरून हवा वाहिली की तार थंड होते, आणि तिची उष्णता किती जाते याचा प्रवाहाच्या वेगाशी ठरावीक संबंध असतो, तो एल. व्ही. किंग या शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये गणिताने मांडला. १९८०च्या दशकात बॉश कंपनीच्या पेट्रोल-फवारणी यंत्रणेत हे तत्त्व मोटारीत रुळले: येणाऱ्या हवेपेक्षा तार, किंवा पुढील काळातील पातळ तप्त पापुद्रा, ठरावीक अंशांनी गरम ठेवण्यासाठी लागणाऱ्या विजेवरून दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ओळखतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, त्यामुळे हवेचे माप चुकले की इंधनाचे माप चुकते. मात्र हा सेन्सर सर्व गाड्यांत नसतो. अनेक लहान पेट्रोल गाड्या त्याऐवजी इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या ‘मॅप’ सेन्सरवर चालतात, आणि तेथे हवामापकाचा शोध घेणे म्हणजे नसलेल्या साक्षीदाराला समन्स काढणे होय.

पहिली आशंका अशी की, गाडीचा संगणकच सेन्सरचे नाव घेत असताना शंकेला जागा कोठे? परंतु कोड हा आरोपाचा मसुदा असतो, निकालपत्र नव्हे. पी ०१०२ म्हणजे सेन्सरच्या सर्किटमधील संकेत अपेक्षेहून कमी आणि पी ०१०३ म्हणजे अधिक. तुटलेली वायर, गंजलेली पिन किंवा सैल सॉकेट यांमुळेही हे कोड उमटतात. पी ०१०१ चा अर्थ तर एवढाच की मोजलेली हवा आणि इंजिनाच्या इतर नोंदी यांचा मेळ बसत नाही. मेळ बसत नाही तेव्हा दोघांपैकी चुकीचा कोण, हे कोड सांगत नाही. पेट्रोल गाडीत सेन्सर व थ्रॉटल यांमधील रबरी होज चिरला, तर न मोजलेली हवा आत जाऊन मिश्रण पातळ होते. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत टर्बोनंतरचा पाईप फाटला, तर मोजलेली हवा बाहेर निसटते आणि काळा धूर निघतो. दोन्ही प्रसंगी सेन्सरने आपले माप खरे सांगितलेले असते.

दुसरी आशंका अधिक बळकट आहे: सॉकेट काढल्यावर गाडी सुधारते, हा प्रत्यक्ष प्रयोग नव्हे काय? न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान मान्य आहे, कारण अग्नीवाचून धूर आढळत नाही. जो हेतू (धुरासारखी खूण) साध्य (अग्नीसारखी सिद्ध करायची गोष्ट) नसतानाही आढळतो त्याला सव्यभिचार म्हणतात आणि त्यावरून काढलेले अनुमान टिकत नाही. सॉकेटचा प्रयोग नेमका या दोषाचा आहे. सॉकेट काढले की ईसीयू अंदाजी आकड्यांवर इंजिन चालवतो, आणि बहुतेक कॉमन रेल डिझेल गाड्यांत त्याच वेळी ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, बंद ठेवतो. इंजिनाला ताजी हवा अधिक मिळाल्यामुळे निर्दोष सेन्सर असलेली गाडीही हलकी भासू शकते. या प्रयोगाने संशय वाढवावा, दोष सिद्ध करू नये.

तिसरी आशंका उलट दिशेची आहे: धुळीच्या मुलखात हा नाजूक भाग हवाच कशाला, सॉकेट काढूनच गाडी चालवावी. हा उपाय आजाऱ्याचा थर्मामीटर फोडून ताप गेला म्हणण्यासारखा आहे. अंदाजी आकड्यांवर इंधनाचा आणि धुराचा हिशेब सुटतो, आणि चेक लाइट कायम पेटलेला राहिल्याने पुढचा खरा बिघाड लपतो. धुळीचा दोष सेन्सरवर येतो तो बहुधा फिल्टरमार्गे: खोक्यात नीट न बसलेला, हलक्या प्रतीचा, किंवा कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झाडून कागद फाटलेला फिल्टर माती आत सोडतो, आणि तारेवर थर बसला की ती उष्णता कमी गमावते व जास्त प्रवाहात हवा कमी दाखवते.

खंडन येथे पुरे, आता मंडन. प्रमाण कोणते मानावे, याचे उत्तर दासबोधातील शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती या त्रयीतून घेता येते. शास्त्राची प्रचीती गणिताने येते: १.५ लिटरचे चार-स्ट्रोक, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेताना १,५०० वेळा भरते, म्हणजे २,२५० लिटर हवा ओढते; उष्ण दिवशी लिटरला सुमारे १.१ ग्रॅम हवा आणि ८० ते ९० टक्के भरणा धरला, तर पूर्ण थ्रॉटलवर सेकंदाला अंदाजे ३३ ते ३७ ग्रॅम यावेत. स्कॅनरवर २० दिसत असतील, तर फिल्टर व एक्झॉस्ट तुंबलेले नाहीत याची खात्री करून सेन्सरवर संशय घ्यावा. गुरूच्या जागी कंपनीचे सर्व्हिस मॅन्युअल असते, ज्यात त्या मॉडेलची व्होल्टेज व ग्रॅमची अपेक्षित मापे दिलेली असतात. आत्मप्रचीती म्हणजे प्रत्यक्ष तपास: होज हाताने वाकवून चिरा पाहणे, पिनांवरचा पुरवठा व अर्थिंग मीटरने मोजणे, आणि पेट्रोल गाडीत ईसीयूने इंधनात केलेली दुरुस्ती, म्हणजे ‘फ्युएल ट्रिम’, पाहणे. ही दुरुस्ती आयडलवर मोठी आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर बाहेरची हवा शिरते आहे. रेस व लोडबरोबर ती वाढत असेल, तर कमी मोजणारा सेन्सर किंवा इंधनाचा अपुरा दाब यांकडे बोट जाते. डिझेलमध्ये स्कॅनरने ईजीआर उघडून पाहावे. ताजी हवा कमी झाल्याची नोंद सेन्सरने घेतली, तर निदान तो जिवंत आहे.

यानंतर सफाई, आणि तीही खास एमएएफ क्लीनरच्या फवाऱ्याने; बोळा, ब्रश किंवा दाबाची हवा तारेला लावू नये, आणि पूर्ण सुकल्याशिवाय सॉकेट जोडू नये. माप तरीही सुधारले नाही, तर सेन्सर बदलणे न्याय्य ठरते. इग्निशन बंद करून सॉकेटची क्लिप सोडवावी, स्क्रू काढावेत, पार्ट नंबर जुळवावा, प्रवाहाचा बाण इंजिनाकडे ठेवून रबरी सीलसह नवा भाग बसवावा. काम काही मिनिटांचे आहे. नकली भाग वरून हुबेहूब दिसतो, पण त्याचे माप जुळेलच असे नाही. म्हणून कोड पुसल्यावर तेच ३,००० फेरे, तोच रस्ता आणि तेच आकडे पुन्हा पाहावेत, आणि फिल्टरचे खोके तपासल्याखेरीज बोनेट बंद करू नये. कारण ज्या वाटेने माती जुन्या तारेपर्यंत पोचली ती वाट उघडी राहिली, तर पुढच्या गाळप हंगामात नवा साक्षीदारही तीच खोटी साक्ष देईल.