रिकामा सर्व्हर आणि इसराफ

शीळफाट्यावर कल्याण, पनवेल, महापे, मुंब्रा अशा चारी दिशांची वाहनं खोळंबतात. रांगा वाढवल्या म्हणून चौक रुंद होत नाही. मेनफ्रेमवर काम करताना मला हेच दिसतं. झेड/व्हीएममध्ये अनेक लिनक्स सर्व्हर मोजक्या खऱ्या प्रोसेसरांवर चालतात. ‘असू द्या, लागतील’ म्हणून लोक एकेका सर्व्हरला चार व्हर्च्युअल प्रोसेसर मागतात. त्याने वाटा वाढत नाही. तोच चौघांत विभागला जातो. सर्व्हर रिकामा असला तरी जादा प्रोसेसर अधूनमधून जागे होतात आणि शेजारच्या कामाच्या सर्व्हरचा वेळ खातात.

म्हणून एकापासून सुरुवात करावी. गरजेप्रमाणे वाढवणं-घटवणं ‘सीपीयूप्लगडी’वर सोपवावं. वाहत्या नदीवर वजू करतानाही पाणी जपायला सांगणारा आपला दीन. न लागणारं अडवून ठेवणं इसराफच, शिवाय शेजाऱ्याचा हक मारणंही.