ब्लॉक बघून घे, बॉस!

शनिवारी संध्याकाळी जालना रोडवरून एखादी जुनी कॉन्टेसा गेली की काय होतं, माहितीये? लाखालाखाच्या ईएमआयवाल्या एसयूव्हींच्या काचा खाली येतात. सिग्नलला बाइकवाली पोरं मोबाइल बाहेर काढतात. लांबलचक बॉनेट, चौकोनी अंग, मागे ऐसपैस डिकी. टशन म्हणजे टशन!

म्हणूनच सध्या वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्यांतल्या यंग क्राउडमध्ये नवा फंडा आलाय. जुनी कॉन्टेसा शोधायची, वीकएंडला तिच्यात हात काळे करायचे आणि ‘आपली देशी मसल कार’ म्हणून मिरवायची. आयडिया झकास आहे. पण पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, ‘यात कोणतं तगडं इंजिन बसेल?’ आणि गाडी तिथेच चुकीच्या वळणाला लागते. प्रश्न विचारायचाच असेल तर ‘ब्लॉक कोणता आणि कसा आहे?’ असा विचारा.

आधी थोडी कुंडली. अमेरिकेत १९६४च्या पॉन्टियॅक जीटीओनंतर मसल कारची क्रेझ सुरू झाली. मधल्या आकाराची बॉडी आणि तिच्यात भलंमोठं व्ही-एट इंजिन. तिकडे शेव्हरोलेचा ३५० क्युबिक इंचाचा, म्हणजे ५.७ लिटरचा ब्लॉक आजही शौकिनांचा लाडका. आपली कॉन्टेसा दिसते त्याच खानदानातली, पण तिचं घराणं ब्रिटिश. वॉक्सहॉल व्हिक्टरवर बेतलेली ही गाडी हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये आणली आणि २००२ मध्ये बंद केली. पोटात व्ही-एट नाही, साधे चार सिलिंडर.

आता ब्लॉक म्हणजे काय? पिस्टन ज्यात वरखाली होतात ती चार भोकं, खाली क्रँकशाफ्टची जागा, आजूबाजूला पाणी आणि ऑईलच्या वाटा, हे सगळं ज्या एका ओतीव तुकड्यात असतं तो ब्लॉक. हेड, कार्ब्युरेटर, पिस्टन, सगळं बदलता येतं. आणि इंजिन नंबर ठोकलेला असतो तो याच ब्लॉकवर. थोडक्यात, ब्लॉक म्हणजे गाडीचं आधार कार्ड!

कॉन्टेसाच्या बाबतीत चॉइस साधारण असे आहेत.

पहिला, सुरुवातीच्या गाड्यांमधला १४८९ सीसीचा बीएमसी ब्लॉक. अँबेसेडरवालाच. ताकद ५० हॉर्सपॉवरच्या आसपास. एवढ्या जड गाडीला ती कमीच पडते. पण जुन्या मेकॅनिकला हा ब्लॉक डोळे मिटून उघडता येतो.

दुसरा, नंतरच्या ‘क्लासिक’मधला १८१७ सीसीचा इसुझू पेट्रोल. ८८ हॉर्सपॉवर. बोअर ८४ मिलिमीटर, स्ट्रोक ८२. याच जातीचं इंजिन १९९३ पासून अँबेसेडरमध्येही आलं आणि अँबेसेडर तर २०१४ पर्यंत बनत होती. म्हणून पार्ट शोधताना कॉन्टेसाच्या नव्हे, अँबेसेडरच्या नावाने विचारा. अनेक दुकानांत चेहरे लगेच खुलतात.

तिसरा, २ लिटरचा इसुझू डिझेल. मायलेज बरं, पण मसल कारमधून टेम्पोचा आवाज आला तर चालणार का, ते तुम्हीच ठरवा.

आणि चौथा, सगळ्यांचं स्वप्न. भंगारातून आलेलं जपानी सहा सिलिंडर टर्बो. व्हिडिओत काय सही वाटतं! पण इथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची माहिती विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. दंड पाच हजार रुपये प्रत्येक बदलाला, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्याने बॉनेट उघडून नंबर ताडून पाहिला, तर क्लेमचं काय होईल ते सांगायला नकोच. इतकंच काय, १५००च्या जागी १८००चा ब्लॉक टाकायचा म्हटलं तरी आरसीवरची सीसी बदलते. त्यामुळे आधी आरटीओत विचारा, मग पाना हातात घ्या.

अमेरिकेत चासी आणि इंजिनचे नंबर मूळचेच असले की शौकीन जास्त डॉलर मोजतात. आपल्याकडे तो नंबर जुळला तरच गाडी कागदावर जिवंत राहते. फरक एवढाच!

माझा एक मित्र वाळूजला क्वालिटीत आहे. त्याच्या वडिलांची एमएच-२० पासिंगची इसुझू कॉन्टेसा कित्येक वर्षं पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती. वडील आता नाहीत. आरसीवर अजून त्यांचंच नाव. पहिल्या मेकॅनिकने दोन मिनिटांत निकाल दिला, ‘ब्लॉक गेलाय साहेब, चौथ्या सिलिंडरला चीर आहे. भंगारात द्या, दुसरं इंजिन बसवून देतो.’ मित्र हबकला. इंजिन गेलं तर पप्पांच्या गाडीत पप्पांचं उरलं काय? फक्त सीट कव्हर?

मी म्हटलं, तू दिवसभर मायक्रोमीटर घेऊन बसतोस ना? मग घरच्या गाडीला अंदाजाने का मारतोस? इंजिन उतरवून ब्लॉक मोकळा केला, धुतला आणि मशिन शॉपला नेला. बोअर गेज लावला तेव्हा कळलं, आधी एकदा वीसचं बोअरिंग झालेलं, वर दोन सिलिंडर लंबगोल. चीर होतीच, पण सिलिंडरच्या भिंतीला. पाण्याच्या दाबाची टेस्ट घेतली, बाकी ब्लॉक ठणठणीत. मग चारही सिलिंडरना स्लीव्ह टाकल्या आणि पिस्टन परत स्टँडर्ड. पिस्टन मिळायला तीन महिने लागले, पण नंबर तोच राहिला. मग त्याने आरसी आईच्या नावावर करायला टाकली.

हे शक्य झालं कारण हा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. आपलं वाळूज ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगसाठी प्रसिद्ध, एन्ड्युरन्ससारखी कंपनी इथलीच. ॲल्युमिनियम हलकं, मान्य. पण जुनं लोखंड जड असलं तरी त्याला बोअर करा, स्लीव्ह टाका, ते पुन्हा कामाला लागतं.

तर मंडळी, गाडीचा बयाणा देण्याआधी एवढं बघाच.

नंबर : ब्लॉकवरचा नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळतोय ना? घासलेला, परत ठोकलेला वाटला तर हात जोडा आणि घरी या.

बोअर : स्टँडर्ड आहे, वीस की चाळीस? हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. चाळीस म्हणजे साधारण एक मिलिमीटर. चाळीसनंतर बहुधा स्लीव्हचाच रस्ता. आणि बोअरिंगने ताकद वाढते हा गैरसमज सोडा. ८४चा बोअर ८५ केला तरी १८१७चे जेमतेम १८६१ सीसी होतात.

चीर आणि गंज : प्रेशर टेस्टशिवाय ब्लॉकवर पैसे लावू नका. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी प्यायलेले ब्लॉक आतून सडलेले असतात. मे महिन्यात दौलताबादचा घाट चढताना मग ते सत्य बाहेर येतं, वाफेच्या रूपात!

माथा : वरचा पृष्ठभाग सपाट आहे का, स्टीलची पट्टी आणि फीलर गेज लावून बघा. वाकडा असेल तर नवं गॅस्केटही फार दिवस टिकणार नाही.

बिल : दुसरा ब्लॉक घ्यावाच लागला तर त्याच मेकचा, त्याच प्रकारचा घ्या. पक्कं बिल आणि आरटीओची मंजुरी, दोन्ही हवं. बिनबिलाचा स्वस्त ब्लॉक चोरीच्या गाडीचाही निघू शकतो.

आणि इंजिन उघडलंच आहे तर इंधनाचे रबरी पाइप, सील बदलून टाका. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ती जुनी रबरं बनलेली नाहीत.

हॉर्सपॉवरचा आकडा कट्ट्यावर सांगायला भारी असतो, नो डाउट. पण ८८ घोड्यांची, स्वतःच्या नंबरची, कागदावर स्वच्छ कॉन्टेसा वेरूळपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येते. तीनशे घोड्यांवाली मात्र पहिल्याच नाकाबंदीपर्यंत. चॉइस तुमचा, बॉस!