रेडिओलहरींनाही ‘कात्रजचा घाट’!

बैलांच्या शिंगांना मशाली बांधून शाहिस्तेखानाच्या फौजेला कात्रजच्या दिशेने भुलवत नेल्याची कथा मराठी मुलखात सर्वांना ठाऊक आहे. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. पुण्याच्या दक्षिणेची ही डोंगररांग आजही चकवा देते. फरक एवढाच, की आता तो रेडिओलहरींना बसतो. शहरात खणखणीत ऐकू येणारा बिनतारी संच घाट उतरून खेड शिवापूरच्या खोऱ्यात शिरला, की पुष्कळदा मुका होतो. मोटारीत संच बसवून दुर्गम भागातून संपर्क साधणाऱ्या हौशी रेडिओचालकांच्या, अर्थात ‘हॅम’ मंडळींच्या दृष्टीने हा डोंगर म्हणजे नित्याची परीक्षा आहे.

वरवर पाहता हा मूठभर हौशी लोकांचा छंद. परंतु सह्याद्रीतील दुर्घटनांचा गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक जणांचा त्यात बळी गेला. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर पोहोचली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. दूरसंचार क्रांतीचा गाजावाजा सुरू असताना पुणे जिल्ह्यातील एका गावाची खबर चार चाकांवरून आली, हे विसरता येणार नाही.

भरवशाचा मोबाइल, बेभरवशाचा मनोरा

शहरे तरी कितपत सुरक्षित आहेत? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईकरांचे मोबाइल कुचकामी ठरले होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरात उगम पावणाऱ्या आंबिल ओढ्याने पुण्यात हाहाकार माजवला. शहर आणि परिसरात वीसहून अधिक जण दगावले. मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली की त्याची भिस्त बॅटरी आणि जनित्रावर असते. त्यातच प्रत्येक जण एकाच वेळी नातलगांना फोन लावू लागला, की शाबूत असलेले मनोरेही गुदमरतात.

हॅम रेडिओला असा मधला मनोरा अनिवार्य नसतो. दोन संच, दोन अँटेना आणि दोन जाणकार माणसे एवढ्यावर संपर्क उभा राहतो. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर ही उपयुक्तता देशाने पाहिली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचे एक पथक हौशी प्रसारणाच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि छंदासाठी नेलेले संच अंदमान आणि मुख्य भूमी यांच्यातील दुवा बनले.

डोंगराचे गणित

मोटारीत संच बसवला, की काम झाले असे मात्र नाही. हॅममंडळी स्थानिक संपर्कासाठी प्रामुख्याने १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरतात. या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभारण्यामागेही उंचीचेच तत्त्व आहे. म्हणूनच घाटमाथ्यावर उभी केलेली मोटार मोलाची ठरते. तिला एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला खोरे ‘दिसते’ आणि एकीकडचा निरोप ती दुसरीकडे पोहोचवू शकते.

जिथे माथाही उपयोगी पडत नाही, तिथे ७ मेगाहर्ट्झसारखे खालचे पट्टे कामी येतात. या लहरी जवळपास सरळ वर पाठवल्या, तर वातावरणाच्या आयनीभूत थरावरून परतून काहीशे किलोमीटरच्या परिघात उतरतात आणि डोंगर आपोआप ओलांडला जातो. अडचण अँटेनाची आहे. १४४ मेगाहर्ट्झसाठी टपावर अर्ध्या मीटरची काडी पुरते. ७ मेगाहर्ट्झसाठी तीच दहा मीटरची लागते. वेटोळे घालून ती आखूड केली, तर बरीच शक्ती वाया जाते. त्यामुळे जाणकार मोटार थांबवून दोन झाडांमध्ये आडवी तार बांधणे पसंत करतात. शंभर वॉटचा संच बोलताना सुमारे वीस अँपिअर प्रवाह खेचतो. त्यासाठी थेट बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर घ्यावी लागते. सिगारेट लायटरच्या खोबणीवर तो चालवणे धोक्याचे. शिवाय इंजिन बंद ठेवून फार वेळ बोलत राहिल्यास बॅटरी उतरून मोटारच अडकून पडण्याची भीती असते.

परवाना आणि पळवाट

हॅम होण्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो. १९७८ च्या नियमांनी त्याची चौकट घालून दिली. बारा वर्षांवरील कोणालाही परीक्षा देता येते, अशी त्यातील तरतूद होती. केंद्र एका ठरावीक पत्त्यावर असते, ही मूळ कल्पना. वाहनातील फिरत्या केंद्राचा विचार नियमांनी स्वतंत्रपणे केला. हॅम केंद्रावरून व्यापारी संदेश पाठवता येत नाहीत. त्रयस्थांच्या निरोपांनाही मर्यादा आहेत, मात्र आपत्तीचा अपवाद आहे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने आपत्तीतील या भूमिकेला आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट स्थान दिले.

दुसरीकडे, ऑनलाइन बाजारातून स्वस्त वॉकीटॉकी घेऊन कात्रज ते सिंहगडसारख्या डोंगरवाटांवर विनापरवाना बोलण्याचा मोह वाढतो आहे. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता असे संच विकणाऱ्या ई-व्यापार कंपन्यांना नोटिसा बजावल्या. हा केवळ कायद्याचा काथ्याकूट नव्हे. कोणत्या लहरीवर कोण बोलते आहे याचा ताळमेळ नसेल, तर ऐन संकटात मदतीची हाकच गोंगाटात बुडेल.

ऐकणारा कोण?

पोलिसांकडे बिनतारी यंत्रणा आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे, उपग्रह फोन आहेत. मग हौशी लोकांची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे. उत्तर एवढेच, की शासकीय पथकांची साधने पथकांबरोबर येतात. दरड कोसळल्यापासून पथक पोहोचेपर्यंतचे तास मात्र रिकामे राहतात. ते भरून काढण्याची क्षमता परिसरातीलच माणसांत असू शकते.

अर्थात या मार्गालाही मर्यादा आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळलेल्या रायगडमधील इर्शाळवाडीपर्यंत मोटाररस्ताच नव्हता. अशा ठिकाणी वाहन पायथ्याशीच थांबणार. एक मोटार पायथ्याशी, दुसरी माथ्यावर आणि वाडीवर हातातील संच घेतलेला माणूस, अशी साखळी आखली तरच निरोप पुढे सरकेल. ही साखळी मुसळधार पावसात ऐनवेळी जुळवता येत नाही.

त्यासाठी पावसाळ्यापूर्वी कात्रज, बोपदेव आदी घाटांतून प्रत्यक्ष चाचण्या घेऊन कोणत्या वळणावरून कोणत्या गावाशी संपर्क होतो, याचा नकाशा करून ठेवता येईल. परवानाधारकांची अद्ययावत यादी आणि बोलावण्याची लेखी पद्धत जिल्हा व पालिकेच्या नियंत्रण कक्षांकडे असली पाहिजे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नियंत्रण कक्षातही संच आणि तो ऐकणारा माणूस हवा. घाटमाथ्यावरून कितीही स्पष्ट निरोप आला, तरी पलीकडे कान नसेल तर तो वाऱ्यावरच विरणार. यंत्रांवरचा खर्च त्या मानाने किरकोळ आहे. खरी गरज आहे ती सरावाची आणि शासकीय मान्यतेची. हे दोन्ही झाले नाही, तर पुढची खबरही एखाद्या एसटीच्या फेरीची वाट पाहत राहील.