आरोपीच न्यायाधीश?

सरकारी कारभाराविषयींचें कोणतें लिखाण खोटें, हें केंद्र सरकारनेंच ठरवावें, अशी सोय एप्रिल २०२३ मध्यें माहिती तंत्रज्ञान नियमांत केली गेली. वेल्हे-भोरकडील एखाद्या वाडींतल्या गृहस्थानें 'केंद्राच्या योजनेचा नळ आला, पाणी नाहीं' असें मोबाइलवर लिहावें, आणि निवाडा केंद्रानेंच द्यावा! मजकूर न हटविल्यास कंपनीचें कायदेशीर संरक्षण धोक्यांत. मग वाडीकरासाठीं कोणती कंपनी भांडेल? मुंबई उच्च न्यायालयांत दोन न्यायमूर्तींचें मत दुभंगलें; तिसरे, न्या. चांदुरकर, यांनीं २० सप्टेंबर २०२४ रोजीं ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. खोट्या बातम्यांचा उपद्रव आम्हांसही मान्य आहे. परंतु जर्मनीच्या २०१७ च्या कायद्यांतही बेकायदा मजकुराची कसोटी दंडसंहितेची होती, मंत्र्यांच्या मर्जीची नव्हे. खंडन करावयास आपलें पत्र सूचना कार्यालय आहेच. पुसून टाकण्याचा हट्ट कशाला?