श्वासाचे यंत्र घेण्याआधी

गेल्या रविवारी आम्ही मोरव्याला एका बांधवाच्या घरी गेलो होतो. भाईंदर स्टेशनला उतरायचे, उत्तनच्या रस्त्याने निघायचे. राई-मुर्ध्याच्या शेजारचे हे गाव. जयभीम झाला, चहा झाला आणि ताईंनी विषय काढला. यजमानांचे हृदय कमजोर आहे. पाय सुजतात, तीन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. रात्री घोरता घोरता श्वासच थांबतो आणि ते दचकून उठतात. कोणीतरी सांगितले, कोरोनाच्या साथीत घेतलेले एक मास्कचे यंत्र स्वस्तात मिळते आहे. “घेऊ का, दादा? हात उसने करू.”

आम्ही ताईंना म्हटले, थोडे थांबा. का, ते इथे सांगतो, कारण असा प्रश्न अनेक घरांत आहे.

हे यंत्र म्हणजे ऑक्सिजनचे सिलिंडर नव्हे. ते साधी हवाच दाबाने नाकातोंडात सोडते. त्याला ‘सीपॅप’ म्हणतात. 1981 साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिवन यांनी त्याचा उपयोग झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी दाखवून दिला. हवेच्या दाबाने घसा मिटत नाही, श्वास चालू राहतो.

हृदयाच्या रोग्याला याचा फायदा आहेच. हृदय थकले की रक्त मागे तुंबते, फुफ्फुसात पाणी साचते, माणूस गुदमरतो. अशा वेळी इस्पितळात हाच मास्क लावला तर धाप लवकर कमी होते. पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी अशी धाप लागली तर यंत्र शोधत बसू नका, 108 ला फोन करा.

रोज रात्रीची गोष्ट वेगळी. झोपेत श्वास दोन कारणांनी थांबतो. एक, घसा मिटतो. दुसरे, मेंदूकडून श्वास घेण्याचा हुकूमच काही वेळ येत नाही. कमजोर हृदयाच्या रोग्यांत हा दुसरा प्रकार बराच आढळतो. पहिल्या प्रकारात सीपॅपने झोप सुधारते, रक्तदाबही थोडा उतरतो. दुसऱ्या प्रकाराच्या 258 रोग्यांवर कॅनडात अभ्यास झाला, तो 2005 साली प्रसिद्ध झाला. श्वास सुधारला, हृदयाचा जोर थोडा वाढला, रोगी सहा मिनिटांत जास्त चालू लागले. पण मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

2015 सालचा अनुभव तर डोळे उघडणारा आहे. श्वासागणिक आपणहून दाब बदलणारे ‘एएसव्ही’ नावाचे महागडे यंत्र 1325 रोग्यांच्या अभ्यासात तपासले गेले. हृदय कमजोर आणि श्वास मुख्यतः दुसऱ्या प्रकाराने थांबणारा, असे हे रोगी. ज्यांना यंत्र दिले त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू उलट वाढले! म्हणजे यंत्र जितके भारी तितके चांगले, हा समज खोटा.

म्हणून उसनवारी करण्याआधी दोन तपासण्या करा. टू-डी इको, म्हणजे हृदयाचा जोर किती टक्के आहे ते कळेल. आणि स्लीप स्टडी, म्हणजे श्वास कोणत्या प्रकाराने थांबतो ते कळेल. आधी सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करा. दुसऱ्याच्या यंत्रावरचा दाब दुसऱ्याच्या घशासाठी ठरवलेला असतो, हेही विसरू नका. मात्र ज्यांना डॉक्टरांनी यंत्र दिले आहे त्यांनी हे वाचून ते बंद करू नये. शंका असेल तर त्यांनाच विचारावे.

यंत्र आले तरी गोळ्या सुटत नाहीत. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी समजा आणि डॉक्टर गाठा. मीठ कमी करा. मिठागरांच्या मुलखात आणि सुक्या बोंबलाच्या घरात हे सांगणे जड जाते. पण ताईंनी त्याच दिवशी सुकटीचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि इकोच्या तारखेची चौकशी करायला मुलाला पाठवले. आम्हाला बरे वाटले.